कितव्या वेणीला

आईची आणि अबेनामावशीची ओळख कचऱ्यापाशी झाली. टोकियोच्या एदोगावा भागातल्या आमच्या इमारतीखाली निळी जाळी टाकलेला एक कोपरा होता. जळणारा कचरा एका दिवशी, न जळणारा दुसऱ्या दिवशी, बाटल्या आणि डबे आणखी वेगळ्या दिवशी. चुकीची पिशवी ठेवली की गाडी ती तशीच सोडून जाई आणि वर एक लाल कागद चिकटवलेला असे. त्या सकाळी मी शाळेच्या गणवेशात खाली उतरले, तर गाऊनवर ओढणी घेतलेली आई आणि पिवळ्या-जांभळ्या कापडाचं घट्ट वस्त्र कमरेला गुंडाळलेली एक उंच, काळीभोर बाई, दोघी आपापली लाल कागदाची पिशवी हातात धरून उभ्या होत्या. समोर इमारतीचे वयस्कर रखवालदार वाकून वाकून काहीतरी समजावत होते आणि दोघींना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. "वैजू, बघ गं हे काय म्हणतायत," आई म्हणाली. शाळेमुळे मला जपानी येत होतं, मी वाचलं. आईनं लोणच्याची फुटकी बरणी जळणाऱ्या कचऱ्यात टाकली होती आणि त्या बाईनं आख्खी छत्री. मी आधी मराठीत सांगितलं, मग इंग्रजीत. ती बाई आईकडे बघून म्हणाली, "सिस्टर, म्हणजे आपण दोघी गुन्हेगार!" आणि इतकी खळखळून हसली की जाळीवरचे कावळे उडाले. आम्ही टोकियोत आल्यापासून तसं कोणी हसलेलं मी ऐकलं नव्हतं. आईसुद्धा हसली नव्हती. त्या दिवशी हसली.

ते दिवसच असे होते की पुण्या-मुंबईहून संगणकवाल्यांची विमानं भरून येत होती. बाबा एका बँकेच्या कामावर होते. सकाळी सातला जात, यायला रात्र होई. मागे उरत त्या बायका. आमच्या आईनं पुण्यात अकरा-बारा माणसांच्या विमा कार्यालयाचा हिशेबाचा विभाग एकटीनं सांभाळला होता. इथे तिला ब्रेड आणि गोड ब्रेड यातला फरक वेष्टणावरून कळेना. घर दोन खोल्यांचं, चटयांच्या जमिनीचं. खिडकीबाहेरच्या पुलावरून मेट्रो गेली की भांड्यांच्या मांडणीतली फुलपात्रं किणकिणत. संध्याकाळी पाच वाजता वॉर्डाच्या भोंग्यांवर मुलांना घरी बोलावणारी एक धून वाजे. ती लागली की आई गॅसपाशी जाई, कारण तेवढ्यात मी यायची. दिवसातला तो एकच ठोका तिच्यासाठी होता, असं मला आता वाटतं.

मग अबेनामावशी आली आणि ओट्यावर जागा पुरेना. ती घानाची. नवरा चिबातल्या लोखंडाच्या कारखान्यात, ती स्वतः डब्यांत जेवण भरायच्या कारखान्यात सकाळची पाळी करून दुपारी मोकळी होई. आईनं तिला दाण्याची आमटी वाढली, तेव्हा तिनं पहिला घास घेऊन चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "हे तुला कोणी शिकवलं? हे तर आमचं आहे." दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःचं दाण्याचं सूप आणलं, टोमॅटो घातलेलं, आमच्यापेक्षा झणझणीत. भेंडीवरून तर वादच झाला. दुकानातल्या पाकिटावर जपानी अक्षरांत 'ओकुरा' लिहिलेलं मी वाचून दाखवलं. मावशी छाती पुढे काढून म्हणाली, "हा शब्दसुद्धा आमच्या बाजूचा, शेजारच्या देशातला!" तिच्या नावाचा अर्थ विचारला तर म्हणाली, मंगळवारी जन्मली म्हणून अबेना. "म्हणजे मंगला!" आई टाळी वाजवून म्हणाली, आणि तेव्हापासून आमच्या घरात ती मंगलाताई झाली. तिची मुलगी एफुआ शुक्रवारची. ती माझ्याच वर्गात होती. आम्ही दोघी एकमेकींशी जपानीतच बोलायचो, त्यामुळे दोन्ही आया आमच्याकडे सारख्याच संशयानं बघायच्या.

एक गोष्ट सांगायला हवी. मी सावळी. सावळी म्हणजे चांगलीच. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला बायका माझी हनुवटी धरून म्हणत, "इथे ऊन कमी आहे, उजळेल हो पोर." आई दर रविवारी सकाळी दुधाची साय आणि बेसन कालवून माझ्या तोंडाला फासायची. एकदा ते वाळत असताना अबेनामावशी आली. "हे काय?" तिनं विचारलं. आईनं सरळपणे सांगितलं, गोरं व्हायला. मावशी हसेल असं मला वाटलं. ती हसली नाही. तिच्या बहिणीनं तिकडे घानात, आक्रा शहरात, कसलंसं मलम लावून चेहऱ्याची साल काढून घेतली होती, ते तिनं सांगितलं. मग माझ्याकडे बोट करून शांतपणे म्हणाली, "सिस्टर, ही पुसून टाकायला निघालीस का?" आईनं ओलं फडकं आणून माझं तोंड पुसलं.  पुढच्या रविवारी वाटी निघाली नाही. त्याऐवजी मावशी आम्हा दोघींना घेऊन वॉर्डाच्या सभागृहात गेली.

वरच्या मजल्यावर चटयांची एक मोठी खोली होती. कुणीही नाव नोंदवून ती वापरू शकत असे. महिन्यातून दोन रविवार ती काळ्या बायकांची असे. घाना, नायजेरिया, केनिया, जमैका, अमेरिका, कुठकुठल्या. कोणी इंग्रजी शिकवणारी, कोणी विद्यार्थिनी, कोणी हॉटेलात भांडी धुणारी. जिन्यातच खोबरेलाचा आणि कसल्याशा दाट, गोडसर लोण्याचा वास येई. एकमेकींच्या गुडघ्यांमध्ये डोकी देऊन बायका बसलेल्या, बोटं केसांत भराभर चाललेली, आणि तोंडं त्याहून भराभर. पण गप्पांतूनच कामं व्हायची. कुठल्या दवाखान्यातली डॉक्टरीण हात न आखडता तपासते. कुठला घरमालक फोनवर हो म्हणून दारात नाही म्हणतो. गरोदर आहे तिच्याबरोबर इस्पितळात कोण जाणार. नवऱ्यानं पासपोर्ट काढून घेतलाय तिच्याबरोबर कचेरीत कोण जाणार. सगळं चालवायची ग्लोरिया. अमेरिकन, धिप्पाड, एका इंग्रजीच्या क्लासात शिकवायची, आवाज असा की खालच्या मजल्यावर चहाचा समारंभ करणाऱ्या आजीबाई वर बघत. तिचा एकच नियम होता. "कोणी एकटीनं जायचं नाही. आणि जिचं दुखणं आहे, बोलायचं तिनंच. बाकीच्यांनी शेजारी उभं राहायचं."

आईला पहिल्या दिवशी कळेना की आपण इथे कोण. तिनं दाराशीच बसकण मारली. ग्लोरियानं विचारलं, "तुला काय येतं?" आई म्हणाली, "काही नाही. पूर्वी नोकरी करायचे." "काही नाही असं काही नसतं," ग्लोरिया म्हणाली आणि एका जमैकन मुलीचं डोकं तिच्या पुढ्यात ठेवलं. आईनं तेल कोमट केलं, तळव्यावर घेतलं आणि माझ्या डोक्याला घालायची तसं घातलं, टाळूपासून मानेपर्यंत, अंगठ्यांनी दाबत. मुलगी पाच मिनिटांत झोपली. पुढच्या खेपेला आईपुढे रांग होती. घरी येताना सायकल हातात धरून चालत ती मला म्हणाली, "वैजू, त्यांनी मला सुनंदा म्हणून हाक मारली. कुणाची मिसेस म्हणून नाही."

त्या शरद ऋतूत शाळेत वर्गावर्गांची समूहगानाची स्पर्धा होती. जपानी शाळेत ती किती मोठी गोष्ट असते हे बाहेरच्याला कळायचं नाही. महिनाभर गणितापेक्षा गाणं महत्त्वाचं होतं. आमच्या वर्गानं मतदान करून संचालक म्हणून एफुआला निवडलं. तिचा कान पक्का होता, आणि ती हात वर करायची तेव्हा पस्तीस पोरं श्वास धरायची. आनंदानं अबेनामावशीनं तिच्या केसांच्या बारीक बारीक, डोक्याला चिकटून जाणाऱ्या वेण्या घातल्या. शेतातल्या सऱ्यांसारख्या, कपाळापासून मानेपर्यंत. ती वर्गात आली तेव्हा सगळे ओरडले, "काक्कोइइ!" म्हणजे झकास.

दुपारी उपमुख्याध्यापकांनी तिला बोलावलं. हे केस फॅशनचे आहेत, शाळेत चालत नाहीत, त्यातून ही सगळ्यांपुढे उभी राहणार. तिनं घरी जाऊन वेण्या सोडल्या. दुसऱ्या दिवशी केस आपले मुळात जसे उगवतात तसे, गोल ढगासारखे उभे. तर ते अस्ताव्यस्त ठरले. आमच्या वर्गशिक्षिका मियाता-सेंसेइ, म्हणजे मियाताबाई, तरुण, मऊ बोलणाऱ्या. त्यांनी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "एफुआ-सान, सगळ्यांसारखे सरळ करता येतील का? तुझ्याच भल्यासाठी सांगते." एफुआनं आईला काही सांगितलं नाही. औषधांच्या दुकानातून केस सरळ करायचं मलम आणलं आणि लवकर व्हावं म्हणून सांगितल्यापेक्षा जास्त वेळ ठेवलं.

पुढच्या सोमवारी ती टोपी घालून आली. टोपी काढायला सांगितल्यावर काढेना. शेवटी स्वच्छतागृहात तिनं मला दाखवलं. कानामागे आणि टाळूवर कातडी भाजून ओली झाली होती, आणि केसांचे पुंजके हातात येत होते. "संचालक नाही झाले तरी चालेल," ती म्हणाली. "आईला सांगू नकोस." मी तिच्या समोर 'नाही सांगणार' अशी मान हलवली, आणि पाचची धून वाजायच्या आत अबेनामावशीच्या दारात उभी राहिले. ते सांगितल्याचा मला कधीच पस्तावा झाला नाही.

मावशी ओरडेल, शाळेवर धावून जाईल, असं मला वाटलं होतं. तिनं एफुआचं डोकं मांडीवर घेतलं आणि कितीतरी वेळ फुंकर घालत राहिली. मग ग्लोरियाला फोन केला.

आमच्या घरी त्या रात्री वेगळंच झालं. आई म्हणाली, शाळेत जायचंय, मंगलाताईबरोबर. बाबांनी घास तसाच ठेवला. "सुनंदा, आपण परक्या देशात आहोत. माझं कंत्राट वर्षावर्षाचं. वैजूही त्याच शाळेत आहे. तिच्यावर राग काढला तर?" बाबा भित्रे नव्हते, त्यांनी आमच्यासाठी रोज चौदा तास मान खाली घातली होती. त्याची त्यांना सवय झाली होती. आई म्हणाली, "मी तिथे एक शब्द बोलणार नाही. फक्त शेजारी उभी राहणार आहे." बाबा म्हणाले, "त्यानं काय होणार?" आई म्हणाली, "ते उभं राहिल्यावर कळेल." मी आमटीत मान घालून ऐकत होते.

रविवारी सभागृहात तालीम झाली. तालीमच म्हणायला हवं, कारण नाटकापेक्षा कमी नव्हतं. केनियाची वंजिरू, परिचारिकेचं शिक्षण घेणारी, जपानी उत्तम बोलायची. ती उपमुख्याध्यापक झाली. नाकावर चष्मा ओढून, हात पोटावर धरून ती म्हणाली, "मुझुकाशिइ देसु ने." अवघड आहे हो. खोली हसून लोळली. ग्लोरियानं सगळ्यांना गप्प केलं. "याचा अर्थ 'नाही' असा आहे. अबेना, यावर तू काय करशील?" मावशी तावातावानं बोलायला लागली. "नाही. काहीच बोलायचं नाही. बस. बघत राहा. ती शांतता तुझी नाही, त्यांची आहे. त्यांनाच भरू दे." मावशीला जपानी येत होतं ते कारखान्यातलं, लवकर करा, डबा बंद करा, एवढंच. मी आणि वंजिरूनं तिला वाक्यं शिकवली. मी म्हटलं, "मावशी, मीच सांगते ना तुमच्या वतीनं." ग्लोरियानं माझ्याकडे एवढाले डोळे करून पाहिलं. "तू अडलं तर हात दे. तिचं तोंड होऊ नकोस." दिवसभर मावशी ती वाक्यं बोलत राहिली, जिन्यात, सायकलवर, भेंडी चिरताना. खालच्या चहाच्या आजीबाईंपैकी एकीनं तर तिचं विनंतीचं एक क्रियापद दुरुस्त करून दिलं आणि वर मूठ आवळून "गांबात्ते!" म्हणाली, लढा असं.

शाळेच्या दाराशी पाहुण्यांच्या सपाता ठेवलेल्या होत्या. ग्लोरियाच्या पायाला एकही बसेना. ती मोज्यांवरच, राणीसारखी, त्या चकचकीत व्हरांड्यातून चालत गेली. आत उपमुख्याध्यापक आणि मियाता-सेंसेइ. आमच्या बाजूला मावशी, एफुआ टोपी घालून, ग्लोरिया, वंजिरू, आई आणि मी. आईनं तिची ठेवणीतली नारायणपेठ नेसली होती. माझ्या दोन वेण्या तिनं सकाळी नेहमीपेक्षा घट्ट घातल्या होत्या. कानशिलं ताणली जात होती.

मावशीनं शिकवल्याप्रमाणे सुरुवात केली. वेळ दिल्याबद्दल आभार. मुलीला शाळा आवडते. हे केस असेच उगवतात. वेण्या ही फॅशन नाही, ती निगा आहे. शब्द चुकत नव्हते. उपमुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं, मान हलवली, श्वास दातांतून आत ओढला आणि म्हणाले, "मुझुकाशिइ देसु ने."

वंजिरूनं खाली पाहिलं. मला हसू आवरेना म्हणून मी जीभ चावली. आणि अबेनामावशी गप्प बसली. हात मांडीवर, नजर समोर. भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. मैदानावर कोणीतरी चेंडू मारत होतं. उपमुख्याध्यापक खुर्चीत हलले. "म्हणजे, इतर पालक काय म्हणतील... नियम सगळ्यांना सारखा..."

तेव्हा मावशीनं तालमीत नसलेलं वाक्य उच्चारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि माझं नाव जपानी वळणानं घेतलं. "सेंसेइ, बाइजु-सानच्या डोक्यावर काय आहे?"

"मित्सुआमी," ते म्हणाले. तीनपेडी वेणी.

"किती?"

"दोन."

"दोन चालतात." मावशी एकेक शब्द शोधत, ठेवत गेली. "माझ्या मुलीच्याही मित्सुआमीच. तीन चालतील? पाच? दहा?" तिनं दोन्ही हातांची बोटं पसरली. "कितव्या वेणीला मुलगी वाईट होते?"

मला अजून ती खोली दिसते. ग्लोरियाला जपानी फारसं कळत नसे, पण तिनंही टेबलाखाली मूठ आवळली.  मग एफुआनं, कोणी सांगितलं नव्हतं, टोपी काढून टेबलावर ठेवली. "सगळ्यांसारखे करून बघितले," ती म्हणाली. "असं झालं."

मियाता-सेंसेइ उठून तिच्या मागे गेल्या. भाजलेल्या कातडीकडे त्यांनी पाहिलं, आणि त्यांचा हात स्वतःच्या सरळ केसांकडे गेला. "मी सांगितलं होतं," त्या उपमुख्याध्यापकांकडे वळून म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं. आपल्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, आणि आपण विचारलंही नाही." तरुण शिक्षिकेनं वरिष्ठांसमोर असं बोलणं म्हणजे काय, ते इथे राहिल्यावरच कळतं. उपमुख्याध्यापकांनी टेबलावरची टोपी एफुआकडे सरकवली. मुख्याध्यापकांशी बोलतो, म्हणाले. आणि निघताना, अबेनामावशीपुढे वाकले. नेहमीपेक्षा खोल.

आम्ही फाटकाबाहेर पडलो. कोपरा वळल्यावर ग्लोरियानं मावशीला कमरेला धरून अक्षरशः उचललं. आई, जी एक शब्द बोलणार नव्हती आणि खरंच बोलली नव्हती, ती नारायणपेठ सावरत रस्त्याच्या मधोमध म्हणाली, "काय बोललीस गं मंगला!" मराठीत. मावशीला ते बरोबर कळलं.

परवानगी त्याच आठवड्यात आली. बाबांच्या कंत्राटाला काही झालं नाही. उलट आईनं सगळं सांगितल्यावर ते मला म्हणाले, "ते वाक्य जपानीत कसं म्हटलं तिनं, पुन्हा सांग बघू." आणि स्वतःशी दोनदा म्हणून पाहिलं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी सभागृहात एफुआच्या जखमा सांभाळत चार बायकांनी मिळून तिच्या वेण्या घातल्या. आमचा वर्ग तिसरा आला. मला विचाराल तर अन्याय झाला. पण एफुआ पुढे आली, दिवे तिच्या डोक्यावर पडले, तिनं हात वर केले आणि पस्तीस पोरांनी श्वास धरला, तेव्हा मागच्या रांगेत एवढ्या रंगांची एवढी डोकी ताठ बसली होती की संपल्यावर टाळ्या कुठून सुरू झाल्या हे साऱ्या शाळेला कळलं.

मी आता या कामात आहे. इथल्या परदेशी मुलींच्या शाळांच्या प्रश्नांसाठी कचेऱ्यांमध्ये जाऊन बसते. माझे केस निम्मे पांढरे झालेत. अजूनही एखादा अधिकारी दातांतून श्वास आत ओढतो, तेव्हा मी शेजारच्या बाईच्या हाताला हळूच स्पर्श करते आणि आम्ही दोघी गप्प बसतो. लोकांना वाटतं ही युक्ती मी जपान्यांकडून शिकले.

स्पर्धेनंतरच्या रविवारची गोष्ट सांगायची राहिली. सभागृहात नेहमीसारखा गोंधळ होता. दार हळूच सरकलं आणि मियाता-सेंसेइ आत डोकावल्या. साध्या कपड्यांत त्या आमच्याच वयाच्या वाटत होत्या.  त्या दाराशीच गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, वसंतात शाळेची सहल आहे, तीन रात्रींची. तिथे एफुआ-सानचे केस सुटले तर मला बांधता यायला हवेत. शिकवाल का? अबेनामावशीनं ग्लोरियाकडे पाहिलं, ग्लोरियानं एफुआकडे. एफुआ उठली, मियाता-सेंसेइंच्या पुढ्यात पाठ करून बसली आणि कंगवा खांद्यावरून मागे दिला.  त्यांनी भांग पाडला, पेड घेतले, एक वेणी कशीबशी शेवटपर्यंत नेली. एफुआनं ती हातानं चाचपून पाहिली.

"सैल झाली, सेंसेइ," ती म्हणाली. "सोडा. पुन्हा घाला."

मियाता-सेंसेइ "हाय" म्हणाल्या, वर्गातली मुलं त्यांना 'हो' म्हणतात तसं, आणि वेणी सोडू लागल्या.